शेवटच्या चौकटीआधीची चौकट: अमेरिकी कॉमिक स्ट्रिप्स आणि त्यांचे संग्रह

वर्तमानपत्रातली रोजची कॉमिक स्ट्रिप वाचायला दहा सेकंद पुरतात. हसू येतं ते शेवटच्या चौकटीत, त्यामुळे सगळं श्रेय आपण तिलाच देऊन टाकतो. पण खरं काम तिच्या आधीच्या चौकटीने उरकलेलं असतं. तिथे कुणीतरी गप्प बसतं, कुणी मान वळवतं, कुणी आधीचंच वाक्य पुन्हा म्हणतं, आणि वाचक क्षणभर थबकतो. हे थबकणं किती नेमकं जमलंय, त्यावर स्ट्रिप पन्नास वर्षं वाचली जाणार की आठवड्याभरात शिळी होणार हे ठरतं. खाली ज्या अमेरिकी स्ट्रिप्सबद्दल लिहिलंय त्या याच कसोटीवर निवडल्या आहेत. आता त्या मुख्यतः पुस्तकांतूनच वाचल्या जातात, म्हणून संग्रहांची मांडणी, क्रम आणि छपाई यांच्याबद्दलही सविस्तर लिहितो.

सुरुवात ‘पीनट्स’पासूनच करायला हवी. चार्ल्स शुल्झची ही स्ट्रिप २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वर्तमानपत्रांत सुरू झाली. शेवटची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आली, आणि शुल्झ आदल्याच रात्री गेला होता. मधल्या काळात १७,८९७ पट्ट्या झाल्या, सगळ्या एकाच माणसाच्या हातच्या. सिंडिकेटने, म्हणजे अनेक वर्तमानपत्रांना स्ट्रिप्स विकणाऱ्या संस्थेने, ही स्ट्रिप विकली ती जागा वाचवणारी म्हणून. चारही चौकटी अगदी एका मापाच्या, त्यामुळे संपादकाला त्या एका ओळीत, दोनावर दोन किंवा एकाखाली एक, कशाही लावता येत. चित्रकाराच्या बाजूने पाहिलं तर ही कैदच होती. चौकट रुंद करता येत नाही, दोन चौकटी जोडून मोठं दृश्य काढता येत नाही, आणि छापताना सगळं इतकं लहान होतं की बारकावे दिसतच नाहीत. शुल्झने या कैदेतूनच लय काढली. चार सारखे ठोके मिळाले की तिसऱ्या ठोक्याला काय करायचं, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो त्याने हजारो वेळा वेगवेगळ्या रीतीने सोडवला.

त्याची अगदी पहिली पट्टीच पाहा. एक मुलगा आणि एक मुलगी फुटपाथच्या कडेला बसलेत. पहिल्या चौकटीत मुलगा सांगतो, तो बघ, चार्ली ब्राउन येतोय. दुसरीत चार्ली ब्राउन त्यांच्या समोरून जातोय आणि मुलगा त्याचं कौतुक करतोय. तिसरीपर्यंत चार्ली ब्राउन पुढे निघून गेलाय, तरी मुलगा तेच कौतुक पुन्हा घोळवतो. चौथीत त्याच चेहऱ्याने तो म्हणतो, मला त्याचा किती तिटकारा आहे! आता तिसरी चौकट बोटाने झाकून पट्टी पुन्हा वाचा. उरतो तो फक्त पाठीमागे केलेला अपमान. तिसरी चौकट ठेवली की माणूस गेल्यावरही हवेत लोंबकळणारं खोटं कौतुक ऐकू येतं, आणि चौथीतला तिटकारा त्या खोटेपणातून आपसूक बाहेर पडतो. मुलांच्या तोंडी इतकं मोठ्या माणसांचं वागणं १९५० मध्ये विनोदाच्या पानावर आलं आणि पुढची पन्नास वर्षं या स्ट्रिपमध्ये मोठं माणूस दाखवायची फारशी गरजच पडली नाही.

शुल्झच्या रेघेबद्दलही बोललं पाहिजे, कारण संग्रह विकत घेताना त्याचा थेट उपयोग होतो. तो एस्टरब्रूक कंपनीची ९१४ क्रमांकाची ‘रेडिओ’ निब वापरायचा आणि कंपनी बंद होताना त्याने उरलेला साठा विकत घेऊन ठेवला होता. निबेवर जरा दाब दिला की रेघ जाड, सोडला की बारीक. चार्ली ब्राउनच्या कपाळावरचा केसांचा वळसा किंवा त्याच्या कुत्र्याचं, स्नूपीचं, नाक नीट पाहिलं तर हा दाब दिसतो. १९८१ मध्ये शुल्झवर हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याचा हात कापू लागला. ऐंशीच्या दशकापासूनच्या खंडांत रेघ थरथरती दिसते ती त्यामुळे. पुष्कळ जण तिला छपाईचा दोष समजतात. तो दोष नाही. पावसाची, गवताची आणि जुन्या कुंपणाची चित्रं त्या थरथरीमुळे उलट जास्त बोलकी झाली आहेत. १९८८ मध्ये चार सारख्या चौकटींचा नियमही त्याने सोडला. त्यानंतर कधी तीन चौकटी, कधी दोन, कधी एकच लांबलचक चौकट येते. मला मात्र चार चौकटींचाच काळ जास्त आवडतो. मोकळीक मिळाल्यावर चित्र सुंदर झालं, पण ठोका कुठे पडणार याची उत्सुकता थोडी कमी झाली.

‘द कम्प्लीट पीनट्स’ हा फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेचा संग्रह २००४ ते २०१६ या काळात २६ खंडांत निघाला. पहिल्या २५ खंडांत सगळ्या पट्ट्या तारखेच्या क्रमाने आहेत, तर सव्विसाव्यात इतर कामं. मांडणी अशी: एका पानावर सोमवार ते शनिवारपैकी तीन पट्ट्या, रविवारच्या पट्टीला अख्खं पान. म्हणजे तीन पानांत एक आठवडा. एका बैठकीला एकच आठवडा वाचावा, असं मी आग्रहाने सांगेन. शुल्झच्या कथा बऱ्याचदा सोमवारी सुरू होऊन शनिवारी संपतात, आणि सलग साठ पानं वाचली की तिसऱ्या चौकटीतले थांबे एकात एक मिसळून सपाट होतात. संग्रहावर ‘कंटाळा येतो’ अशी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पहिला खंड, म्हणजे १९५०–५२, पहिल्यांदा घेऊ नये. त्यात चार्ली ब्राउन खोडकर आहे, स्नूपी साधा कुत्रा आहे, ल्यूसी १९५२ मध्ये लहान बाळासारखी अवतरते, आणि आपल्याला ठाऊक असलेलं जग अजून तयार व्हायचंय. शिवाय सुरुवातीच्या काही पट्ट्यांच्या चांगल्या मूळ प्रती मिळाल्या नव्हत्या, तिथे रेघ जाडसर उमटलीय. सुरुवात पाचव्या खंडाने करा: १९५९–६०. चार्ली ब्राउनची धाकटी बहीण सॅली याच खंडात जन्मते, ल्यूसी पाच सेंटांत मानसोपचार देण्याचं टेबल मांडून बसते आणि तिचा धाकटा भाऊ लायनस पहिल्यांदा ‘ग्रेट पम्पकिन’ या काल्पनिक भोपळ्याची वाट पाहतो. ही तीन सूत्रं पुढे चाळीस वर्षं चालली. या संग्रहाची खरी उणीव एकच आहे: रविवारच्या पट्ट्या मुळात रंगीत होत्या, इथे त्या काळ्यापांढऱ्या छापल्या आहेत. रंग हवे असतील तर २०१३ पासून निघालेली ‘पीनट्स एव्हरी संडे’ ही वेगळी मालिका घ्यावी लागते. दोन्हींतून एकच निवडायची असेल तर काळीपांढरी निवडा, कारण सोमवार ते शनिवारच्या पट्ट्या रंगीत मालिकेत नाहीत.

‘कॅल्विन अँड हॉब्ज’चं गणित वेगळं आहे. बिल वॉटरसनने १८ नोव्हेंबर १९८५ ते ३१ डिसेंबर १९९५ एवढीच वर्षं ती काढली, मध्ये १९९१–९२ आणि १९९४ अशा दोन लांब रजा घेतल्या, आणि एकूण ३,१६० पट्ट्यांवर थांबला. सहा वर्षांचा कॅल्विन आणि त्याचा वाघ हॉब्ज. दुसरं कुणी चौकटीत आलं की वाघ कापसाचं खेळणं होतो, ते निघून गेलं की पुन्हा दोन पायांवर चालणारा, वाद घालणारा मित्र. हा बदल कधीच चितारलेला नाही. तो दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत घडतो, आणि कोणती चौकट खरी याचा निवाडा वॉटरसन करत नाही. एरवी शेवटच्या चौकटीआधी जो थांबा लागतो तो इथे त्या फटीनेच दिलाय. आई दारात उभी आहे, खेळणं जमिनीवर पडलंय, कॅल्विन त्याच्यावरच खापर फोडतोय: हे आपण पाहतो, आणि त्याच्या आधीच्या चौकटीतला वाघाचा चेहरा आपल्या डोळ्यांपुढून हटत नाही.

वॉटरसन लहान ब्रशने शाई करायचा, त्यामुळे त्याची रेघ निबेपेक्षा लवचिक आहे. कॅल्विन स्वतःला ‘स्पेसमन स्पिफ’ नावाचा अंतराळवीर समजतो, त्या पट्ट्यांत हे तपासून पाहा. परग्रहाचे डोंगर, यान, राक्षस हे सगळं दाट सावल्यांत, गंभीरपणे काढलेलं, आणि शाळेचं बाक, बाई, फळा दोन-चार रेघांत. कल्पनेतलं जग जास्त खरं दिसावं म्हणून तपशील तिकडे ओतले आहेत. डायनोसॉरच्या पट्ट्यांतही हेच.

रविवारच्या पानाची गोष्ट कळली तर या स्ट्रिपची गंमत दुप्पट होते. रविवारची पट्टी वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या आकारात छापली जायची. अर्ध्या पानात पूर्ण, त्याहून कमी जागा असेल तर वरची ओळच गाळून. म्हणून चित्रकाराला वरच्या ओळीत असा एखादा छोटा विनोद ठेवावा लागे की तो गेला तरी खालची गोष्ट अडू नये, आणि खालच्या चौकटी ठरलेल्या जागीच तोडाव्या लागत, म्हणजे संपादकाला त्या हलवता येतील. फेब्रुवारी १९९२ मध्ये रजेवरून परतताना वॉटरसनने अट घातली: अर्धं पान, तेही न तोडता. संपादक नाराज झाले, पण अट टिकली. त्याआधीचं एक रविवारचं पान आणि नंतरचं एक पान शेजारी ठेवून पाहा. आधीच्यात चौकटींच्या रेषा सरळ खाली उतरतात. नंतरच्यात एक चौकट अख्ख्या रुंदीची, दुसरी चिंचोळी उभी, काहींना कडाच नाहीत, आणि शेवटाआधीचा थांबा कधी कधी पानाचा तिसरा हिस्सा व्यापतो. आकृत्यांच्या जेमतेम चार रेघा आणि बाकी बर्फाचं मोकळं मैदान. थांबा वाढवायचा तर जागा लागते, हे इथे डोळ्यांना दिसतं.

‘द कम्प्लीट कॅल्विन अँड हॉब्ज’ २००५ मध्ये पक्क्या बांधणीच्या तीन खंडांत निघाला. पेटीसकट वजन दहा किलोच्या आसपास. छपाई उत्तम, रविवारची पानं रंगीत, क्रम तारखेचा. पण हे पुस्तक पोटावर ठेवून वाचायचं नाही. खंड टेबलावर सपाट उघडावा, एका हाताने कडेला उचलून धरला तर जड पानांच्या ओढीने बांधणी पाठीशी सैल होते. २०१२ मध्ये तेच चार खंडांत कागदी बांधणीत आलं, आणि रोज वाचायला ते कितीतरी सोयीचं आहे. लहान मुलांच्या हाती द्यायचं असेल तर जुनी सुटी पुस्तकं बरी. ज्याला कारागिरीत रस आहे त्याने १९९५ चं दहा वर्षांच्या निमित्ताने निघालेलं पुस्तक जरूर घ्यावं. त्यात वॉटरसनने निवडक पट्ट्यांखाली स्वतः टिपणं लिहिली आहेत, आणि चौकट कुठे का तोडली हे तो अगदी स्पष्ट सांगतो.

‘गारफील्ड’ला या दोघांच्या रांगेत बसवता येणार नाही, पण तो टाकाऊही नाही. जिम डेव्हिसने तो १९ जून १९७८ रोजी सुरू केला. साचा ठरलेला: तीन चौकटी, खाली टेबलाची आडवी रेघ, एका बाजूला मालक जॉन, दुसऱ्या बाजूला त्याचं मांजर गारफील्ड. पहिल्या चौकटीत जॉन बोलतो, मधल्या चौकटीत मांजर अर्धवट मिटल्या डोळ्यांनी नुसतं पाहतं, तिसरीत त्याच्या मनातला शेरा. मांजर बोलत नाही, फुग्यात फक्त विचार करतं. मधल्या चौकटीचं महत्त्व किती, याचा पुरावा २००८ मध्ये डॅन वॉल्शच्या ‘गारफील्ड मायनस गारफील्ड’ने दिला. त्याने मूळ पट्ट्यांतून मांजर पुसून टाकलं. उरला रिकाम्या खोलीत एकटाच बोलणारा जॉन आणि मग शांतता. विनोदाच्या जागी एकटेपणा आला, आणि चौकटी तर त्याच! खुद्द डेव्हिसने त्या प्रयोगाच्या पुस्तकाला संमती दिली, ही त्याच्या मोठेपणाची गोष्ट. मूळ स्ट्रिप वाचायची तर पहिल्या चार-पाच वर्षांची पुस्तकं घ्या. तेव्हा मांजर चार पायांवर चालतं, जॉनचा मित्र लायमन घरात आहे, आणि भांडणांना धार आहे. पुढे सोमवारचा राग आणि डाएट यांच्याभोवती तेच तेच फिरत राहतं.

साधेपणाची परिसीमा पाहायची तर अर्नी बुशमिलरची ‘नॅन्सी’. ही स्ट्रिप बालिश म्हणून हसण्यावारी नेली जाते, ते चूक आहे. ८ ऑगस्ट १९५९ ची तिची एक पट्टी इतकी नेमकी आहे की २०१७ मध्ये दोन चित्रकारांनी त्या एकाच पट्टीच्या विश्लेषणावर अख्खं पुस्तक लिहिलं. नॅन्सीचा मित्र स्लगो पाण्याच्या पिस्तुलाने पोरांना भिजवत चाललाय, आणि शेवटच्या चौकटीत नॅन्सी कमरेच्या म्यानात बागेच्या नळीचं तोंड खोचून त्याची वाट पाहत उभी आहे. नळीतलं पाणी उडालेलं दाखवलंच नाही. ते पुढच्या, न काढलेल्या चौकटीत उडतं. बुशमिलरने चित्रातून काढून टाकता येईल ते सगळं काढून टाकलं, म्हणून ती नळी पहिल्या नजरेतच दिसते.

एकाच चौकटीची ‘द फार साइड’ मग या कसोटीत कुठे बसते? गॅरी लार्सनने ती १ जानेवारी १९८० ते १ जानेवारी १९९५ या काळात काढली. तिच्यात आधीची चौकट नाही, पण थांबा आहे: डोळा चित्रावरून खालच्या ओळीकडे उतरतो तेवढा वेळ. १९८१ मध्ये एका दैनिकात तिची ओळ शेजारच्या ‘डेनिस द मेनस’ या खोडकर मुलाच्या चित्राखाली पडली आणि डेनिसची ओळ हिच्या खाली. सापाचं पिल्लू जेवणाच्या टेबलावर सांगू लागलं की बरं झालं मी सँडविच करायला शिकलो, नाहीतर उपाशी मेलो असतो. आणि तिकडे डेनिस कुरकुरू लागला, आज पुन्हा हॅमस्टर! दोन्ही चित्रं बिघडण्याऐवजी आणखी हसरी झाली. चित्र आणि ओळ यांच्यातलं अंतर वाढलं तर थांबा वाढतो, एवढंच त्यातून घ्यायचं. संपूर्ण संग्रह दोन जाडजूड खंडांचा आहे (२००३), पण ही चित्रं एका वेळी पाच-सहाच पाहावीत. पन्नास पाहिली की गायी, शास्त्रज्ञ आणि गुहेतली माणसं एकमेकांत मिसळतात.

जॉर्ज हेरिमनची ‘क्रेझी कॅट’ (१९१३–१९४४) शेवटी ठेवा. मांजरीला उंदीर वीट मारतो, मांजर तिला प्रेम समजते, कुत्रा-हवालदार उंदराला पकडतो. तीस वर्षं एवढंच. पार्श्वभूमीतले डोंगर आणि झाडं मात्र चौकटीगणिक बदलतात, आणि इंग्रजी मुद्दाम मोडलेलं आहे, ते मोठ्याने उच्चारल्याशिवाय कळत नाही. दिवसाला एक पान पुरे.

‘फँटम’सारख्या चालू कथांच्या स्ट्रिप्सना वेगळे नियम लागतात. पहिली चौकट कालची आठवण करून देते आणि शेवटची उद्यासाठी काहीतरी टांगून ठेवते. पुस्तकात सलग वाचताना ही उजळणी खटकते, पण संपादनात ती गाळलेली आवृत्ती घेऊ नका, कारण चौकटी हलवल्या की चित्राचा तोल जातो. आणि घेण्याआधी खंड रोजच्या पट्ट्यांचा आहे की रविवारच्या, हे पाहा. ‘फँटम’च्या दोन्हींत पूर्णपणे वेगळ्या कथा चालायच्या.

कोणताही संग्रह हाती आला की दोन गोष्टी लगेच तपासाव्यात. एक, फुग्यातली अक्षरं. इंग्रजी ‘ए’ आणि ‘ओ’च्या पोटातली पांढरी जागा शाईने बुजली असेल तर पट्ट्या मूळ चित्रांवरून किंवा चांगल्या प्रतींवरून न घेता छापील कागदावरून उतरवल्या आहेत. तिथे राखाडी छटांचे ठिपकेही एकमेकांत मिसळून काळे डाग होतात. दोन, चौकटीच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरांतली तारीख. ती असेल तर क्रम जुळवून पाहा. उडी दिसली तर पट्ट्या निवडून घेतल्या आहेत. ‘पीनट्स’च्या जुन्या कागदी पुस्तकांत हे सर्रास आहे, आणि मग आठवड्याची गोष्ट मंगळवारी सुरू होऊन गुरुवारी गायब होते.

‘द कम्प्लीट पीनट्स’च्या प्रत्येक खंडाच्या मागे सूची आहे, तिचा फार सुंदर उपयोग करता येतो. त्यात ‘फुटबॉल’ शोधा आणि फक्त त्याच पट्ट्या खंडामागून खंड वाचत जा. १९५१ मध्ये चेंडू व्हायोलेट नावाच्या मुलीने धरला होता. नोव्हेंबर १९५२ पासून ल्यूसी धरते, चार्ली ब्राउन धावत येतो, ती चेंडू काढून घेते, तो पाठीवर आपटतो. शेवट पहिल्या चौकटीतच ठाऊक असतो, तरी प्रत्येक वेळी ल्यूसी नवीन कारण सांगते आणि तो विश्वास ठेवतो. धाव घेण्याआधीची ती चौकट, त्याच्या चेहऱ्यावरचं ते पटणं, ती दरवेळी वेगळी आहे. २४ ऑक्टोबर १९९९ च्या पट्टीत ल्यूसीला जेवायला घरी बोलावणं येतं आणि ती चेंडू धाकट्या भावाच्या, रीरनच्या, हाती देऊन जाते. रीरन घरात येतो तेव्हा ती विचारते, काय झालं, चेंडू काढून घेतलास की त्याने लाथ मारली? तो म्हणतो, ते तुला कधीच कळणार नाही. त्या उत्तराची चौकट शुल्झने काढलीच नाही.